कुणाची गं ही ओवी?

गेल्या उन्हाळ्यात आत्याकडे गेले होते. शिरूर तालुक्यातलं तिचं घर, पुढे पडवी, आणि पडवीच्या कोपऱ्यात जातं. आता त्यावर कुणी दळत नाही. खुंटा काढून कधीच माळ्यावर टाकलाय, आणि दगडावर चपलांची पिशवी ठेवायची नाही एवढाच नियम आत्याने घरात टिकवून ठेवलाय. बाकी जातं आपलं गप्प.

त्या जात्यावर मी मोबाइल ठेवला आणि एक ओवी लावली. आवाज एका म्हाताऱ्या बाईचा, मागे दगडाची घरघर आणि मधूनच कोंबड्याचं आरवणं. आत्या सुपात शेंगा घेऊन फोडत बसली होती. तिचा हात थांबला. ओवी संपेपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “कुणाची गं ही? कुठल्या गावची?”

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. मला वाटलं होतं ती ‘किती छान’ म्हणेल, किंवा मोबाइलमध्ये ही कशी आली असं विचारेल. तिने नाव आणि गाव विचारलं. नवी सून दारात आली, पाहुणा ओट्यावर टेकला, कुणी बी-बियाणं मागायला आलं, की आपल्याकडे जे पहिल्यांदा विचारतात तेच.

आणि त्या मोबाइलकडे उत्तर होतं. पडद्यावर त्या बाईचं नाव होतं, गाव होतं, तालुका, जिल्हा, वय, मुलं किती, काम काय करते, ओवी कुठल्या तारखेला टिपली, सगळं लिहिलेलं होतं. मी वाचून दाखवलं. मुळशी म्हटल्यावर आत्याने मान हलवली. “तरीच. आमच्याकडं अशी वढत न्हाईत चाल.”

ते ‘तरीच’ माझ्या डोक्यातून जाईना. इंटरनेटवर उपयोगी काय आहे, आपल्या मातीतलं तिथे काय जपलं जातंय आणि ते पुढे कसं द्यावं, याचा शोध मी त्या दिवसापासून त्या एका प्रश्नाला धरून घेतला. कुणाची गं ही? कुठल्या गावची?

एक लाख ओव्यांचं कोठार

आत्याला ऐकवलेली ती ओवी ‘जात्यावरच्या ओव्या’ या संग्रहातली. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी हे काम पुण्यातून सुरू केलं. पॉइतवाँ मूळचे फ्रान्सचे, पण पुण्यात स्थायिक झाले, इथलं नागरिकत्व घेतलं. पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात गरीब डोंगरी संघटनेचं काम चालू होतं, तिथल्या बायकांशी बोलता बोलता या दोघांच्या लक्षात आलं की सभेत तोंड न उघडणारी बाई जात्यावर बसली की सगळं बोलते. सासूचं बोलते, नवऱ्याचं बोलते, देवाशी भांडते, भावाची वाट पाहते. तेव्हा त्यांनी ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात केली. उतरवून घेणारे कार्यकर्ते बहुतेक त्याच गावांतले, त्याच बोलीतले.

काम वाढत गेलं. पुणे जिल्ह्याबाहेर, मराठवाड्यापर्यंत पोचलं. १,१०७ गावं, ३,३०२ गायिका आणि एक लाख दहा हजारांच्या आसपास ओव्या. १९९५पासून बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगीत-संशोधक या कामात आले आणि कागदावरच्या ओव्यांना आवाज मिळाला. सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण त्या काळात झालं. माझ्या आत्याने ऐकलेला कोंबडा त्यातलाच.

२००४मध्ये पॉइतवाँ गेले, २०१०मध्ये हेमाताई गेल्या. अशा वेळी बहुतेक संग्रहांचं काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. वह्या कपाटात, कपाट कुलपात, आणि किल्ली कुणाकडे ते कुणाला ठाऊक नसतं. इथे तसं झालं नाही. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४च्या डिसेंबरात सुरू केलेल्या ‘पारी’ म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने हा ठेवा आपल्याकडे घेतला आणि २०१७च्या मार्चपासून एकेक गाव, एकेक गायिका, एकेक विषय असं करत तो लोकांसमोर मांडायला सुरुवात केली. नमिता वाईकर यांनी त्याची धुरा सांभाळली, आणि पहिल्यापासून ओव्या उतरवून घेणारे जितेंद्र मैड या नव्या टप्प्यातही सोबत राहिले. मंडळी पुन्हा गावांत गेली. काही गायिका भेटल्या, त्यांनी वीस वर्षांनी पुन्हा तोंडात ओवी घेतली. काही हयात नव्हत्या.

हा संग्रह कुणालाही पैसे न भरता पाहता येतो. ‘पारी’ आणि ‘जात्यावरच्या ओव्या’ एवढे शब्द मराठीत टाकले की सापडतो. ओवीचे शब्द वाचायला मिळतात, आवाज ऐकायला मिळतो, अनेक ठिकाणी चित्रफीतही आहे. पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती प्रत्येक लेखाखाली दिलेली गायिकेची माहिती. एरवी अशा नोंदीत ‘पारंपरिक’ एवढा एकच शब्द असतो आणि तिथे विषय संपतो. इथे बाई उभी राहते.

दोन दगडांमधली गोष्ट

ज्यांनी जात्यावर दळलेलं पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता. मध्ये खुंटी, तिच्याभोवती वरचा दगड फिरतो. कडेला उभा लाकडी खुंटा. वरच्या दगडाच्या तोंडात एका हाताने मूठ मूठ धान्य सोडायचं, दुसऱ्या हाताने खुंटा ओढायचा. दोघी समोरासमोर बसल्या तर खुंट्यावर चार हात आणि ओवीला दोन गळे. दगड गुळगुळीत झाला की पीठ जाडंभरडं येतं, मग टाकी लावणारा गावात येतो आणि छिन्नीने दगडाला पुन्हा टोचे मारून देतो. त्या कामावरून टकारी हे नाव पडलेले लोक गावोगाव हिंडत.

पीठ रोज लागायचं, आणि घरात माणसं जास्त असली तर पहाटे कोंबडं आरवायच्या आधी बसावं लागायचं. त्या अंधारात पुरुष झोपलेले, मुलं झोपलेली, सासूही झोपलेली. दिवसभरात बाईला स्वतःशी बोलायला मिळणारा तेवढाच वेळ. ओवी दोन ओळींची. दगडाच्या फेऱ्याला शब्द कमी पडला की ‘गं’, ‘बाई’ असं काहीतरी मध्ये घालायचं आणि फेरा पुरा करायचा. म्हणूनच ओवी कागदावर वाचली तर अपुरी वाटते. दगडाची घरघर तिचा अर्धा भाग आहे.

त्या दोन ओळींत काय काय मावलंय ते या संग्रहात पाहावं. जातं नुसता दगड नाही, ईश्वर आहे. बाई त्याला देव म्हणून हाक मारते, कारण हिचं सुखदुःख ऐकून घेणारा तोच. पंढरीची वाट आहे, विठ्ठल-रखुमाईचा रुसवा आहे. जनाबाईसोबत विठोबा दळायला बसला ही कथा या बायकांसाठी दूरची नव्हती, ती त्यांच्याच पहाटेची होती. रामाच्या ओव्यांत रामापेक्षा सीता जास्त आहे. तिचा वनवास बायकांनी आपल्या सासुरवासाशी लावून घेतलाय, आणि पुराणात जे कुणी विचारलं नाही ते त्या विचारतात.

बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी गायलेल्या ओव्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आहेत. कुणी त्यांना भाऊ म्हणतं, कुणी बाप. सभेला किती माणसं होती, कोण कुठून आलं हे ज्या वृत्तांतांत येतं ते वृत्तांत मी वाचलेत. पण एका खेड्यातल्या घरात त्या माणसामुळे नेमकं काय बदललं, हे मला त्या दोन-दोन ओळींत कळलं. गायिकेच्या माहितीत जात का लिहिलीये, असं पहिल्यांदा पाहताना मनात येतं. या ओव्या ऐकल्यावर ते कळतं. कुणी गायली हे झाकलं, तर काय गायलं तेही झाकलं जातं.

अडलेला शब्द

ऐकता ऐकता एका ठिकाणी मी अडले. गायिका म्हणत होती वैरण. वैरण म्हटलं की मला कडबा आठवतो, गोठा आठवतो. जात्यावर वैरण कशी? आत्याला फोन करून विचारता आलं असतं. पण तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, म्हणून मी मोल्सवर्थ उघडला.

जेम्स मोल्सवर्थने जॉर्ज आणि थॉमस कँडी या भावांच्या मदतीने केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१मध्ये पहिल्यांदा निघाला. वाढवलेली, सुधारलेली आवृत्ती १८५७ची. तिच्यात साठ हजारांच्या आसपास शब्द आहेत. ती आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया डिजिटल ग्रंथालयाने इंटरनेटवर ठेवली आहे, फुकट. देवनागरीत शब्द टाकायचा, अर्थ समोर येतो.

तिथे उलगडलं. वैरणे म्हणजे धान्य जात्यात घालणे, तांदूळ आधणात सोडणे. आणि लगेच लक्षात आलं की आई अजूनही ‘पाणी उकळलं, आता तांदूळ वैर’ असं म्हणते. शब्द माझ्याच स्वयंपाकघरात होता. जात्यावरून उठून तो गॅसपर्यंत आला होता, मीच त्याला ओळखलं नव्हतं. जात्याला जशी मूठ मूठ घालायची तशी गुरांनाही, म्हणून तीही वैरण असेल का, असा विचार करत मी उशिरापर्यंत बसले.

हा कोश वापरताना एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. त्यातलं लेखन जुनं आहे. १९६२मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. मोल्सवर्थमध्ये ते आहेत. ‘जाते’ सापडलं नाही तर ‘जातें’ टाकून पाहावं, ‘वैरणे’ नाही मिळालं तर ‘वैरणें’. दुसरी सोय त्याहून मोठी. अर्थाच्या मजकुरातही शोध घेता येतो. हातजात्यासाठी इंग्रजीत जो शब्द आहे तो टाकला की जात्याशी नातं असलेले मराठी शब्द एका ओळीत समोर उभे राहतात. घरात कुणी दळत नसताना दळणाची एवढी भाषा आपल्याकडे आहे, हे तिथे दिसतं.

त्याच ग्रंथालयात दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आहे. १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत निघालेला. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी केलेल्या या कामात अनेक शब्दांपुढे कंसात एक छोटं अक्षर असतं. कुठे कोकणासाठी, कुठे राजापूरसाठी, कुठे वऱ्हाडासाठी, कुठे गोमंतकासाठी. म्हणजे शब्दाचंही गाव नोंदलेलं आहे. आत्याने विचारलेला प्रश्न या कोशकारांनी शब्दाला विचारला होता. आणि महानुभावांच्या, ज्ञानेश्वरांच्या काळातला शब्द अडला, तर शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाऊस यांचा १९९९चा जुन्या मराठीचा कोशही तिथेच आहे.

मोल्सवर्थचं नाव घेताना मला दुसरं एक नाव घ्यायचंय. त्याच्या कोशाच्या आधी, १८२९मध्ये, मराठीचा मराठीत अर्थ देणारा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ निघाला होता. तो केला शास्त्रीमंडळींनी, आणि त्यांत प्रमुख होते जगन्नाथशास्त्री क्रमवंत. शब्द गोळा करणारी, अर्थ तपासणारी, कुठला शब्द कुठल्या लोकांत चालतो हे सांगणारी ही माणसं. आज कोश म्हटलं की आपल्या तोंडी मोल्सवर्थ येतो. क्रमवंत येत नाहीत.

प्रत्येक कोसावर

बोली दर बारा कोसांवर बदलते, हे आपण शाळेत असल्यापासून म्हणतो. ती नेमकी कशी बदलते ते ऐकायचं असेल तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने केलेलं मराठी बोलींचं सर्वेक्षण उघडावं. तेही सगळ्यांसाठी खुलं आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या गावांत जाऊन लोकांना बोलतं केलं, ते बोलणं टिपलं, लिहून काढलं. कुठल्या वस्तूला आणि नात्याला कुठे काय म्हणतात, ते नकाशावर दाखवलं.

माझ्या एका मैत्रिणीचं माहेर चंद्रपूरकडचं, सासर सिंधुदुर्गातलं. तिने एका दुपारी हे सर्वेक्षण उघडलं आणि सासूला शेजारी बसवलं. माहेरकडच्या माणसाचं बोलणं सासूला ऐकवलं, सासरकडचं स्वतः नव्याने ऐकलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. सासूने पहिल्यांदा विचारलं, “तुमच्यात ह्याला असां म्हणतत?” मैत्रीण म्हणाली, त्या दिवशी माझ्या बोलण्याला घरात कुणी हसलं नाही.

अशा वेळी एखादी गोष्ट उपयोगी म्हणजे काय ते मला कळतं. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५चा. तो अभ्यासकांच्या कपाटात राहिला. आजचं सर्वेक्षण सासूच्या हातातल्या मोबाइलवर वाजतं.

याच वाटेवर आणखी दोन-तीन ठिकाणं लागतात, त्यांची फक्त ओळख देते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत बसून उभा केलेला मराठी विश्वकोश, ज्याचा पहिला खंड १९७६चा, आता इंटरनेटवर वाचता येतो. जुन्या मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटिअरं आहेत. पुण्याचा खंड १८८५चा, त्यात आपल्या गावचा बाजार कुठल्या वारी भरायचा, घाट कुठला वापरात होता असं सापडतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३पासून चालू आहे, त्यात आपल्या गावाच्या पानावर दोन ओळी असतील तर तिसरी ओळ आपण लिहू शकतो.

नाव गळून पडतं तेव्हा

आता दुखऱ्या जागी येते.

दर दिवाळीत, दर नागपंचमीला, दर आषाढीला माझ्या मोबाइलवर ओव्या येतात. फुलांच्या चित्रावर लिहिलेल्या, खाली कुणाचंही नाव नसलेल्या. कुणाची? कुठल्या गावची? सांगता येत नाही. पाठवणाऱ्याचं प्रेम खरं असतं, त्याबद्दल शंका नाही. पण ती ओवी अशी चार हजार मोबाइलांतून फिरली, की तिची बाई कायमची हरवते. मग कुणी त्यात एक शब्द बदलतं, कुणी आपलं नाव लावतं, कुणी लग्नपत्रिकेवर छापतं. ओवी राहते, बाई जाते.

हे आधीही होत होतंच. ओव्या वेचण्याचं काम महाराष्ट्रात जुनं आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये बायकांच्या ओव्या मोठ्या मायेने गोळा केल्या. डॉ. सरोजिनी बाबर यांनी राज्य लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून खंडामागून खंड काढले. त्यांच्यामुळे कितीतरी वाचलं. त्या काळात खिशात ध्वनिमुद्रक नव्हता. आज तो प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि तरीही आपण नाव विचारत नाही, याची मला खंत वाटते.

नाव लिहिलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याकडे आहेच. बहिणाबाई चौधरी लिहायला-वाचायला शिकलेल्या नव्हत्या. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्यांना गाणी सुचत. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर यांनी ती उतरवून ठेवली. १९५१च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या, १९५२मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. घरातल्या दोन पोरांनी कागद-पेन्सिल हातात घेतली नसती तर त्यांच्याही ओळी ‘पारंपरिक’ या नावाखाली कुठेतरी फिरत असत्या, आणि खानदेशातल्या एका बाईचं नाव कुणी घेतलं नसतं. खानदेशातच तिच्या शेजारी बसून दळणाऱ्या दुसऱ्या बाईचं नाव आज कुणाला सांगता येईल?

माझीही एक चूक मला सांगायची आहे. पंधरा वर्षांपूर्वी एका लग्नात हळद दळताना पाच-सहा बायका गात होत्या. लग्नघरी अजूनही जातं काढतात, घाणा भरतात, सवाष्णी खुंट्याला हात लावतात. मी मोबाइलवर ते टिपलं. सात मिनिटांचं ध्वनिमुद्रण आहे, अजून माझ्याकडे आहे. त्यात एक आवाज असा आहे की ऐकताना अंगावर काटा येतो. पण तो कुणाचा, ते मी तेव्हा विचारलं नाही. नंतर नातेवाइकांना ऐकवून पाहिलं. तिघांनी तीन नावं सांगितली. त्यांतल्या दोघी आता नाहीत. माझ्याजवळ आवाज आहे, पण तो कुणाचा म्हणून पुढे देऊ?

पडवीत बसून करायचं काम

म्हणून आता मी हे काम करताना काही गोष्टी पाळते. कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिते. यातलं काहीही विकत घ्यावं लागत नाही.

टिपायला सुरुवात केली की पहिलं वाक्य त्या बाईच्या तोंडून नावाचं यावं. नाव, सासरचं गाव, माहेरचं गाव, आणि ही ओवी कुणाकडून शिकली ते. माहेर विचारायचंच, कारण ओवी बहुतेक वेळा माहेरची असते. मुलगी सासरी जाताना जे घेऊन जाते त्यात ती असते. माहेर न विचारता ओवीवर सासरचं गाव टाकलं तर तो पत्ता चुकीचा.

पंखा बंद करायचा. मोबाइल हातात धरायचा नाही, घडी घातलेल्या लुगड्यावर किंवा टॉवेलवर ठेवायचा, नाहीतर हाताची हालचाल ऐकू येते. जातं चालू असेल तर फार जवळ नको, घरघरीत शब्द बुडतात. मागे भांडी वाजली, कुत्रं भुंकलं तर थांबवायचं नाही. वीस वर्षांनी तेच ऐकून घर डोळ्यांपुढे येतं.

त्याच दिवशी ऐकून ओवी लिहून काढायची, तिच्या बोलीत, ती म्हणते तशीच. ‘न्हाई’चं ‘नाही’ करायचं नाही. लिहिताना युनिकोडमध्ये लिहायचं. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या मराठीचं काय झालं ते ज्यांनी छापखान्यात काम केलंय त्यांना विचारा; फाँट गेला की मजकूर खुणांचा ढीग होतो आणि त्यात काही शोधता येत नाही. युनिकोडमधला शब्द उद्या नातीला शोधता येईल.

फाइलला मोबाइल जे आकडे देतो ते बदलून नाव-गाव-तारीख द्यायची. आणि तीन जागी ठेवायची. एक मोबाइलात, एक संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या घरी. गावी आग, पूर, चोरी काहीही होऊ शकतं, आणि मोबाइल तर दर तीन वर्षांनी बदलतो.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. हे पुढे द्यायचं का, कुणाला द्यायचं, ते त्या बाईलाच विचारायचं आणि तिचं उत्तर त्याच ध्वनिमुद्रणात असू द्यायचं. विकिमीडियासारख्या खुल्या ठिकाणी ठेवलेली गोष्ट जगात कुणीही उचलून वापरू शकतं, पैशासाठीसुद्धा. हे तिला समजेल अशा शब्दांत सांगायचं. ओवीत सासूचं नाव असतं, दिराचं असतं, घरातलं भांडण असतं. जात्यापाशी अंधारात म्हटलेलं बोलणं चव्हाट्यावर आणायचं की नाही, ते ठरवणं माझ्या हातात नाही. तिला नको असेल तर नको.

माहेरचं नाव

पावसाळ्याच्या सुरुवातीला मी परत आत्याकडे गेले. पडवीत बसले. माझ्या आत्येभावाने माळ्यावरून खुंटा काढून आणला, वरचा दगड पुसला. दगडाला टाकी लावायला आता कुणी नाही, म्हणून पीठ येणार नाही हे ठाऊक होतं. आत्याने मूठभर गहू घेतले तरी. रिकामं जातं फिरवू नये म्हणाली.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत तिला काही आठवेना. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. मग चाल आधी आली आणि शब्द मागून आले. सात ओव्या म्हटल्या. मध्ये एकदा थांबली, डोळे मिटले, ओठ हलले, परत सुरू झाली. दगडाच्या कडेने भरड गहू पडत होता.

संपल्यावर मी विचारलं, नाव सांग. आत्याने सासरचं नाव सांगितलं, आपण सगळे सांगतो तसं, नवऱ्याचं आणि आडनाव. मी विचारलं, माहेरचं? तिने माझ्याकडे पाहिलं. लग्नात नाव बदललं होतं तिचं. माहेरचं नाव घरात घेणारी माणसं एकेक करून गेली, माझे वडील शेवटचे. ते नाव तिने उच्चारलं, हळू, जरा अडखळत. मग म्हणाली, यातल्या चार ओव्या आईच्या, आईचं नाव लिही, तिचं माहेर लिही. एक शेजारणीची, ती धनगराची होती, तिचं गाव लिही. दोन माझ्या.

“तुझ्या? तू केल्यास?”

“मग? कोण करून देणार?”

आमच्या घरात कुणालाही हे माहीत नव्हतं. तिच्या मुलांनाही नाही. कुणी विचारलं नव्हतं.

हे सगळ्यांना ऐकवू का, असं विचारल्यावर तिने थोडा विचार केला. “घरच्यांना ऐकव. बाकीचं नंतर बघू.” हे उत्तर त्या ध्वनिमुद्रणात आहे. म्हणून तिचं नाव या लेखात नाही आणि तिच्या ओव्याही नाहीत. आमच्या घरातल्या अकरा मोबाइलांवर त्या आहेत. फाइलच्या नावात तिचं माहेरचं नाव आहे, आणि माझ्या सातवीतल्या भाचीने ते वाचून परवा फोनवर मला विचारलं, ही कोण गं?

मी तिला नाव सांगितलं, आणि गाव.